अनोळखी उपकरण

माझ्या प्रोग्रॅमला माझ्या बापाच्या घरातला मिक्सर ओळखता येईना, आणि तेवढ्यावरून माझी मास्टर्सची डिग्री अडून बसली होती.

नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन, तिशी उलटल्यावर मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला बसले होते. थीसिसचा विषय मीच हट्टानं निवडलेला, त्यामुळे बोल लावायलाही कोणी नव्हतं. घराच्या मेन स्विचजवळ काडेपेटीएवढा सेन्सर लावायचा. घरात येणारा सगळा करंट तो मोजतो, आणि त्याच्या चढउतारावरून माझा प्रोग्रॅम सांगतो, की आता फ्रिज चालू झाला, आता इस्त्री, आता पाण्याची मोटर. मावशीच्या घरी त्यानं सगळं बरोबर ओळखलं. गाईड मॅडमच्या घरी तर वॉशिंग मशीन कपडे पिळतंय की नुसतं भिजवतंय, इथपर्यंत त्याची मजल गेली. बाबांच्या घरी मात्र रोज एकच रडगाणं. अनोळखी उपकरण. अनोळखी उपकरण.

लॅबमधल्या पोरांनी त्या घराचं नाव 'भूतबंगला' ठेवलं. मला हसू आलं नाही.

"एका घरात चुकतो म्हणजे कुठेही चुकू शकतो," मॅडम त्यांच्या नेहमीच्या थंड आवाजात म्हणाल्या. "हे सुटल्याशिवाय मी थीसिस पुढे पाठवणार नाही. या सत्रात नाही तर पुढच्या."

त्यांना काय जातंय बोलायला! कंपनीनं माझी जागा याच सत्रापर्यंत धरून ठेवली होती.

ताईला जुळी झाल्यापासून आई तिच्याकडे होती, म्हणून बाबा घरी एकटेच. आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून काम केलेला माणूस, वाचत पडला की वेळेचं भान नाही. सुरुवातीला त्यांच्या घरचा ग्राफ अगदी सपाट यायचा. फ्रिज चालू, फ्रिज बंद, संपलं. मी फोनवर वैतागले होते. "बाबा, तुमच्या घरात काही चालतच नाही हो! यावर मी काय डोंबल थीसिस लिहू?"

"बघतो," ते म्हणाले होते.

त्यानंतर ग्राफला जान आली. सकाळी मिक्सरसारखं काहीतरी, मध्येच इस्त्रीसारखं काहीतरी, दिवसाआड वॉशिंग मशीनसारखं. पण सगळं 'सारखं'च. प्रोग्रॅम काही केल्या नाव घेईना. मी तो पुन्हा पुन्हा बदलला, नाकी नऊ आले. शेवटी एके दिवशी सकाळची बस पकडली आणि न कळवताच घरी गेले. म्हटलं, बघूया तरी हे भूत आहे कोण.

किल्ली माझ्याकडे होतीच. आत मिक्सर गरगरत होता. बाबा ओट्यापाशी उभे, एक हात झाकणावर, दुसऱ्या हातात मासिक. टेबलावर इस्त्री उभी करून तापत ठेवलेली, आसपास एक रुमालसुद्धा नाही. मी पारदर्शक झाकणातून मिक्सरच्या भांड्यात डोकावले. भांडं कोरडं ठणठणीत.

"बाबा, हे काय चाललंय?"

ते दचकले, पण बटण बंद केलं नाही. "थांब जरा. तुझी आई यापेक्षा जास्त वेळ चालवते."

"रिकामा?"

"तूच म्हणालीस ना, घरात काही चालत नाही. म्हटलं, आपल्यापायी पोरीचं अडायला नको. ते कपड्यांचं मशीनही लावतो मी. पाणी वाया जातं थोडं, पण शिक्षणाचं काम आहे."

खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. रिकामा मिक्सर कमी करंट घेतो, आणि आत काही असलं की जसा अडखळतो तसा अडखळत नाही. कपड्यांशिवाय चालणाऱ्या इस्त्रीचं आणि मशीनचंही तसंच. एवढा बारीक फरक माझ्या प्रोग्रॅमनं दूर लॅबमध्ये बसून पकडला होता. तो चुकत नव्हता, चांगला शहाणा होता! माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसून पोट धरून हसले.

बाबाही हसायला लागले. "म्हणजे पास?"

"पास, बाबा!"

मग पाणी प्यायला मी फ्रिज उघडला. आत अर्धा ब्रेड, दुधाची पिशवी आणि जॅमची बाटली होती. बाकी सगळे कप्पे रिकामे. मी वळून पाहिलं तर बाबांचा शर्ट खांद्यावरून उतरायला आलेला.

"तुम्ही रोज फोनवर सांगता, नेहमीचंच जेवलो."

"नेहमीचं हेच आहे. भागतं माझं."

"अहो, मिक्सर लावतच होता, तर त्यात काहीतरी वाटायचं तरी."

"काय घालायचं असतं त्यात, ते मला कधी कळलंच नाही गं," ते अगदी सहज म्हणाले. "तिला विचारलं असतं, तर ती पोरांना टाकून परत आली असती."

मला माझीच लाज वाटली. फ्रिजशिवाय काही चालत नाही, हे मी मोठ्या पडद्यावर ताणून ताणून पाहिलं होतं, आणि वर बापालाच झापलं होतं. या घरात कोणी स्वयंपाक करत नाही, एवढं समजायला काय मास्टर्स करावं लागतं?

मी होस्टेल सोडलं आणि घरून बसनं ये-जा सुरू केली. बाबांना शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी झाकण न दाबता बटण फिरवलं आणि टोमॅटो छताला लागला. नंतर मात्र त्यांना गोडी लागली. मी परतेपर्यंत भाजी तयार असायची, मीठ कमी आहे म्हटलं की रुसायचेही. भाताचा कुकरही त्यांनी लवकरच ताब्यात घेतला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी नेमका बाबांच्या घरचाच ग्राफ समोर ओढला आणि मधल्या एका जागेवर पेन टेकवलं.

"इथपर्यंत सगळं अनोळखी, आणि इथून पुढे एकही चूक नाही. प्रोग्रॅममध्ये नेमकी काय सुधारणा केलीत?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. करंटचं लांबलचक उत्तर मी पाठ करून आणलं होतं. ते काही तोंडातून बाहेर पडेना.

"प्रोग्रॅम तोच आहे, सर," मी म्हणाले. "इथून माझे वडील जेवायला लागले."