कडीची साक्ष कुणी घेतली नाही

मी कडी बोलतेय. विट्यातल्या राहीबाईच्या दाराची कडी. ते दार आता राहीबाईचं म्हणायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे. पण हुकूम माणसांना असतात, लोखंडाला नसतात. मी म्हणणार.

माझा जन्म बैलगाडीच्या धावेतला. चाकावरची लोखंडी पट्टी झिजली, तेव्हा सिद्धू लोहारानं ती भट्टीत लाल केली आणि ठोकून ठोकून मला घडवलं. दारात बसवताना राहीबाईला म्हणाला, "वैनी, धावेचं लोखंड लय चिवट बघा. तुमचा नातू म्हातारा हुईल, पर ही कडी तुटायची न्हाई."

तेवढं त्याचं खरं झालं. मी तुटले नाही.

घर लहानच होतं. दोन खण, पुढं कट्टा, मागं परसात शेवग्याचं झाड. पण ते राखेतून उभं राहिलेलं घर होतं. राहीबाईचा नवरा नाथाजी सोनं गाळायला मद्रासेकडं असायचा. सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, ती भट्टीत घालायची आणि तिच्यातून गुंजभर सोनं काढायचं, असला धंदा. त्या गुंजा साठवून त्यानं हे घर बांधलं आणि राहीबाईच्या नावावर केलं. म्हणाला, "मी बारा म्हैनं बाहीर. घर तुझं. मी आपला पावना."

पाहुणा वर्षातून एकदा यायचा. दोनदा घाईनं आणि एकदा सावकाश, अशी मला वाजवायचा. ती तिसरी वाजायच्या आत राहीबाई दाराशी पोचलेली असायची.

कडीला माणूस हातावरून कळतो. पोस्टमन थाप मारायचा. शेजारची साळूबाई मला हातच लावायची नाही, रस्त्यातूनच "राहेऽ" म्हणून ओरडायची. आणि आप्पासो सावकार मला एका बोटाच्या टोकानं उचलायचे नि सोडायचे. लोखंडाचा विटाळ होतो की काय, कोण जाणे.

आप्पासो या घरात आले ते लढाईच्या दिवसांत. नाथाजीला स्वतःची भट्टी घालायची होती. आप्पासोंनी पैसे दिले आणि घर लिहून घेतलं. साधं गहाण नव्हे, मुदत खरेदी. म्हणजे कागदावर घर विकलेलंच, फक्त खाली एक अट, की मुदतीत पैसे फेडले तर विक्री रद्द. राहीबाईनं अंगठा उठवला. भट्टी पेटली. दोन वर्षं बरी गेली. मग तेजाबाच्या वाफेनं नाथाजीची छाती धरली. तो खोकायला लागला आणि मनीऑर्डरी उशिरानं यायला लागल्या.

सत्तेचाळीस सालच्या माघात पहिली मुदत संपत आली. राहीबाई पेढीवर गेली, पदर पसरला. आप्पासो लगेच कबूल झाले. त्यांचा दिवाणजी आकाराम नवा कागद घेऊन आमच्या कट्ट्यावर आला आणि त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. "येत्या श्रावण शुद्ध पौर्णिमेपर्यंत मुदत वाढवून दिली असे."

राहीबाईनं बोटं मोजली. फाल्गुन, चैत, वैशाख. "लय उपकार झालं बघा," ती म्हणाली आणि अंगठा उठवला. शाईचा अंगठा माझ्यावर पुसला. पाहुणा गेला की मला तेल लावायची ती बाई, पण त्या दिवशी आनंदात तिला भान राहिलं नाही.

पाडव्याला देवळात नवं पंचांग वाचलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की यंदा श्रावण दोन आहेत. आधीचा धोंड्याचा, मागचा खरा. त्या खऱ्याला पंचांगात निज श्रावण म्हणतात. धोंड्याचा महिना कुणी हिशेबात धरत नाही. त्यात लग्न नाही, वास्तुशांत नाही, सण नाहीत. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, की झालं. राहीबाईला तर हायसं वाटलं. साळूबाईला म्हणाली, "देवानंच म्हैना वाढवून दिला गं."

आप्पासोंच्या पेढीवर ते पंचांग माघातच येऊन पडलं होतं. हे मला फार मागून कळलं.

धोंडा लागला आणि आठवड्यानं मनीऑर्डर आली. नाथाजीनं भट्टी विकून सगळी रक्कम एकदम पाठवली होती. राहीबाईनं साळूबाईच्या नवऱ्याकडून पेढीवर निरोप धाडला, की उद्या पैसे घेऊन येते.

दुसऱ्या दिवशी मी वाजले. एका बोटानं.

दारात आप्पासो. मागं छत्री धरून आकाराम. ज्यांच्या पेढीच्या पायरीवर माणसं तास न् तास बसून राहतात, ते आप्पासो स्वतः चालत आले होते. राहीबाई गडबडून गेली. "आवं, मी येतच हुते. हे बघा, पैसं मोजून ठेवल्यात."

आप्पासोंनी दोन्ही हात मागं घेतले. "ठेव पोरी, ठेव. धोंड्यात मी देवघेव करीत नाही. पाळणूक आहे आमच्या घराण्याची. भरल्या घरातली लक्ष्मी तू तरी ह्या महिन्यात कशाला बाहेर काढतेस? निज श्रावण लागू दे. मग सवडीनं आण."

"पर मुदत?"

"निज श्रावण म्हणालो ना मी? आता काय ढोल बडवून सांगू?"

आणि हसले. राहीबाईचे डोळे भरले. तिचा बाप ती रांगत असतानाच गेला होता. "पोरी" म्हणणारं तिला कुणी नव्हतं. तिनं दोघांना कट्ट्यावर बसवलं, आत जाऊन पुरणाचे धोंडे आणले, वर तूप सोडलं. आप्पासोंनी दोन खाल्ले, आकारामनं चार. साळूबाई विहिरीवर गेली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ऐकायला मी एकटी.

पुढच्या आठवड्यात धोंड्यातली पौर्णिमा आली आणि गेली. त्या दिवशी घरात काहीच झालं नाही. राहीबाईनं ज्वारी निवडली.

मग स्वातंत्र्य आलं. गल्लीत पताका लागल्या, शाळेत साखर वाटली. राहीबाईनं आंब्याचा डहाळा आणून माझ्यात खोवला. मुदत जाऊन पंधरवडा होत आला होता आणि त्या घरात कुणाला पत्ता नव्हता.

निज श्रावणातल्या नागपंचमीला राहीबाई नवं लुगडं नेसून, पैसे कनवटीला लावून निघाली. तिनं मला काढलं आणि समोर आप्पासो. हातात कागद.

"मुदत संपली बाई. घर आमचं झालं. पंधरा दिवसांत मोकळं कर."

आज "पोरी" नव्हतं. तेव्हाच मला समजलं.

"आवं, पौर्णिमेला अजून धा दीस हायती! ह्ये पैसं. तुमीच म्हनालासा निज श्रावणात आण."

"कागद बघ. श्रावण शुद्ध पौर्णिमा. ती झाली."

"ती धोंड्यातली!"

"कागदावर निज लिहिलंय का कुठं? श्रावण म्हणजे श्रावण. पहिला आला, पहिली पौर्णिमा धरली."

राहीबाई अंगणात उतरली. आवाज चढला तशा गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. "आप्पासो, तुमच्या वाड्यात झोका आज बांधलाय का गेल्या म्हैन्यात बांधलाता? तुमच्या सुनंनी नागोबाला दूध-लाह्या आज वाहिल्या का तवा? तुमचा देव ह्यो श्रावण धरतो, आन् तुमचा कागद त्यो धरतो व्हय?"

बायका फसकन हसल्या. आप्पासोंचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"देवाचा महिना वेगळा, कागदाचा वेगळा," ते म्हणाले आणि गेले.

राहीबाईनं घर सोडलं नाही. कोर्ट झालं. दीड वर्ष ती हेलपाटे घालत राहिली आणि फेडीला जमवलेले पैसे वकिलाकडं गेले. नाथाजी छाती धरून गावी आला, तो अंथरुणालाच खिळला. मुनसफांनी विचारलं, आप्पासो असं बोलले याला साक्षीदार कोण? राहीबाईनं आकारामचं नाव घेतलं.

त्या संध्याकाळी ती कट्ट्यावर टेकली आणि साळूबाईला सांगत राहिली. "गंगाजळीला हात लावून म्हनला, मी ह्या बाईच्या दारात कवाच गेलो न्हाई. चार धोंडं खाल्लं गं त्यानं. तूप वाढलं का विचारलं मी. आनिक घ्या म्हनलं."

साळूबाईनं तिचा हात धरला.

साक्षीदार होता की. दोन हातांवर लटकत होता. पण लोखंडाला कोण शपथ घालतो?

बेलीफ कुलूप घेऊन आला तेव्हा नाथाजी बाजेवर होता. चौघांनी बाज उचलून साळूबाईच्या ओसरीवर नेली. जाताना त्यानं हात लांबवून मला वाजवलं. दोनदा घाईनं. तिसऱ्यांदा हात पोचला नाही. पुढच्या महिन्यात, त्याच ओसरीवर, तो गेला.

बेलीफ वाईकडचा वयस्क माणूस होता. तो कुलूप घालत होता, तेव्हा राहीबाई त्याला म्हणाली, "दादा, एक काम करा. ज्या शब्दापायी माजं घर गेलं, त्यो दिसतो कसा? मला दावा."

त्यानं चुलीतला कोळसा उचलला आणि माझ्या शेजारी फळीवर लिहिलं. निज. दोनच अक्षरं. राहीबाईनं त्यावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. कोळसा पार पुसला जाईपर्यंत.

आता या घरात आप्पासोंच्या गुळाच्या ढेपा असतात. माझ्या गळ्यात त्यांचं कुलूप. राहीबाईची चूल होती तिथं मुंगळ्यांची रांग असते. राहीबाई ढेपा वाहायला रोजानं येते. ज्या दारातून ती घरची मालकीण म्हणून आत आली, त्यातून डोक्यावर ओझं घेऊन वाकून जाते. आप्पासो म्हणतात, बघा, पोटाला लावलीच की नाही मी तिला.

परवाचीच गोष्ट. आटपाडीकडचा एक धनगर, धुळा, आणि त्याची बायको बयाबाई कट्ट्यावर बसली होती. मेंढरं विकून त्यांनी विट्यात नवं घर बांधलंय. तेच घर लिहून द्यायला आली होती. आकारामनं वाचलं. "पुढील साली आषाढ शुद्ध पौर्णिमेपर्यंत." आप्पासो बयाबाईला म्हणाले, "पोरी, तुला घाई नको म्हणून लांबची मुदत दिलीय."

पुढल्या साली आषाढात धोंडा येणार आहे. माझ्या अंगाला घाम फुटला. धुळाचा अंगठा शाईत बुडाला होता.

राहीबाईनं डोक्यावरची ढेप खाली ठेवली. "बघू कागद."

आप्पासो हसले. "तुला वाचता कधीपासून यायला लागलं गं?"

"एकच शब्द येतोय मला." तिनं ओळ न् ओळ बोटानं तपासली. आकाराम मान खाली घालून बसला. "त्यो ह्यात न्हाई. धुळाबा, आषाढाच्या आधी निज लिवून द्या म्हनावं. न्हाईतर उठा."

धुळानं आप्पासोंकडं पाहिलं. आप्पासो लिहा म्हणाले नाहीत. एवढ्यावरून तो धनगर काय समजायचं ते समजला. उठला, आणि शाईनं काळा झालेला अंगठा माझ्यावर पुसून चालता झाला.

राहीबाईचा रोज त्याच दिवशी बंद झाला. आता तीही येत नाही. घर गेलं, धनी गेला, आणि आता दारातून ये-जा करायची तीसुद्धा गेली. मला तेल लावायला कुणी नाही. गंज चढतोय, पण धुळाचा तो डाग काही जात नाही.

वाचता येणाऱ्या माणसांनो, माझी साक्ष कोर्टानं घेतली नाही, तुम्ही तरी घ्या. आप्पासो या कट्ट्यावर म्हणाले होते, "निज श्रावण लागू दे." मी ऐकलंय.

कधी विट्याला आलात तर गुळाच्या वासानं हे दार ओळखाल. मला वाजवा. दोनदा घाईनं आणि एकदा सावकाश. आतून कुणी येणार नाही. पण मला वाजायचं आहे.