अर्ध्या पानाचा फोटो

आमच्या ह्यांना फेसबुकवर जाऊन देवाची बाजू मांडायला कुणी सांगितलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. देवाला काय वकील लागतो? पण विश्रामराव ऐकतील तर शपथ! तारापूरच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आले, की एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन. बोईसर-पालघरकडच्या विश्वासणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. बायबलचं जुनं भाषांतर खरं की नवं, यावर तिथे बारा महिने जुंपलेली असते. जुन्याची भाषा आजोबांच्या काळातली, भारदस्त. नवं आपण बोलतो तसं, सोपं. ह्यांचा पक्ष जुन्याचा. असेना का, मी कधी आडवी आले नाही.

आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, प्रतीक्षा. पालघरला शाळेत शिकवते आणि शनिवारी वाणगावच्या पुढे एका पाड्यावर बायकांचा वाचनवर्ग घेते. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मंडळीतल्या, पण वाचता एकीलाही येत नव्हतं. प्रतीक्षाने नवं भाषांतर हातात दिलं आणि त्या बोट ठेवून वाचायला लागल्या. त्यातलीच एक प्रत तिने आम्हालाही दिली. "काकू, वाचून तर बघा," म्हणाली. तीच आमच्या घराला नडली.

झालं असं, की ह्यांना त्यात एका अध्यायात एक ओळ सापडेना. ओळींचे आकडे नीट चालत येतात आणि मधला एक आकडाच नाही. ती ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिली होती. सोबत लिहिलं होतं, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही, म्हणून ती इथे खाली दिली आहे. साधी गोष्ट. पण ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मंदा, पान धर जरा," म्हणाले आणि वरच्या अर्ध्याच पानाचा फोटो काढला.

मी म्हटलं, "अहो, खाली लिहिलंय की!"

"ते नंतर टाकू."

नंतर कसलं काय! 'देवाचं वचन चोरलं! हेच पुस्तक आपल्या पाड्यांवर शिकवतात!' असं ठोकून मोकळे. तासाभरात आमेनचा पाऊस. प्रतीक्षाने खाली विचारलं, "काका, पानाची खालची बाजूही दाखवा ना." आणि ह्या माणसाने लिहिलं, "हेच पूर्ण पान आहे. खाली काही नाही."

भाकरी थापता थापता मी ते वाचलं आणि तव्यावरची भाकरी करपली. चुकणं वेगळं आणि हे वेगळं.

पोरीने पूर्ण पानाचा फोटो टाकला. तर लोक म्हणाले, हल्ली फोटोत काहीही घालता येतं. कुणीतरी तिचा शाळेतला फोटो शोधून काढला आणि वर लिहिलं, 'खोटी शिक्षिका'. ते सफाळ्याला गेलं, वसईला गेलं, माझ्या बहिणीने मलाच पाठवलं.

मी ह्यांना धारेवर धरलं. "नव्या पुस्तकाशी भांडा, खुशाल भांडा. पण खरं बोलून भांडा! त्या पोरीच्या जिवाशी खेळ चाललाय."

ह्यांनी फोन उलटा ठेवला. मग म्हणाले, "माझा बाप मरेपर्यंत रोज ती ओळ म्हणायचा. तिला तळाला टाकतात? बारीक अक्षरात?" खरं सांगते, मला वाईट वाटलं. म्हटलं, "मग हेच लिहा ना ग्रुपवर. हे खरं आहे."

"आता माघार घेतली तर लोक तोंडात शेण घालतील."

हात दाखवून अवलक्षण! तरी मी थांबले, म्हटलं आज ना उद्या सुचेल शहाणपण. तेवढ्यात चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला. रविवारच्या उपासनेनंतर पंचांची बैठक आहे, तक्रारी फार आल्यात, पाड्यावरचा वर्ग बंद करून प्रतीक्षाला कामातून मोकळं करायचा विचार आहे. आणि पंच कोण? तर आमचे हे! ओठ शिवून बसणाऱ्यातली मी नव्हे, पण नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे सोपं का? नाही पाडलं तर त्या पोरीचं काय?

शनिवारी आम्ही दोघं बोईसरच्या बाजारात गेलो, तर रंभाबाई भेटली. प्रतीक्षाच्या वर्गातली सगळ्यात म्हातारी, दुधी घेऊन बसली होती. मला बघताच पुढे आली.

"बाय, माजं पुस्तक खोटं हाय का? नातू फोनवर बगून सांगतो, ते चोरांचं हाय. बाकीच्या बायांनी परत दिली. मी नाय दिलं अजून. वाचू का नको वाचू?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दुधी दाबून बघत होते, जसा काही आयुष्यात पहिल्यांदाच दुधी पाहिला.

"वाच गं," मी म्हटलं. "खुशाल वाच." एवढंच बोलता आलं, आणि माझा मलाच राग आला.

रविवार उजाडला. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे घेऊन पंच बाकाबाकापाशी येतात. आमच्या मंडळीची रीत कडक आहे. मनात कुणाविषयी काही असेल तर पेला घ्यायचा नाही, आधी जाऊन मिटवायचं. त्यामुळे कुणी नाही घेतला, की अख्ख्या मंडळीला कळतं. ह्या रविवारी ट्रे ह्यांच्या हातात होता. प्रतीक्षा माझ्या मागच्या बाकावर बसली होती, डोळे सुजलेले.

हे माझ्यासमोर आले. मी हात पुढे केला नाही.

"घे ना," हळूच म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं ते. "तुमच्याविषयीच माझ्या मनात आहे. कशी घेऊ?"

पेटी वाजायची थांबली. वाटलं, आता हा माणूस पुढे निघून जाणार आणि मी जन्मभर ह्याच्या ताटात जेवण वाढणार. हे खरंच पुढे गेले. शेजारणीला दिलं, तिच्या सासूला दिलं. मग मागच्या बाकापाशी वळले आणि प्रतीक्षासमोर उभे राहिले. ह्यांनी ट्रे बाकाच्या कडेला टेकवला.

"पान मी अर्धं दाखवलं," म्हणाले. "ओळ खाली होती. मला ठाऊक होतं. ही पोर खरं बोलत होती आणि मी खोटं."

पाळकसाहेब पुढून म्हणाले, "जिथे खोटं लिहिलंत, तिथेही हे लिहायचं, विश्रामराव."

"आत्ता लिहितो." आणि खरंच, तिथेच उभ्याने फोन काढून लिहिलं. तीनदा पुसून लिहिलं. पाळकसाहेबांनी स्वतःच्या फोनवर ते वाचलं आणि सांगितलं, की बैठकीची आता गरज नाही, पाड्यावरचा वर्ग चालू राहील. मला रडूच कोसळलं. वाटलं, सुटलो बाई एकदाचे, देवाने लाज राखली!

ह्यांनी ट्रे उचलला आणि प्रतीक्षापुढे धरला. कितीतरी दिवसांनी चेहरा हलका झाला होता. "घे पोरी," म्हणाले. "मला माफ कर आणि घे."

प्रतीक्षाने ट्रेकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. रागाने नाही, अगदी शांतपणे.

"काका, माफ केलं असं मी आत्ता म्हणाले, तर तेही खोटंच होईल," ती म्हणाली आणि तिने मांडीवरचा हात उचलला नाही.