चांगल्या गुडघ्याची पट्टी

पट्टी मी चांगल्या गुडघ्याला बांधायचो. उजव्या. दुखायचा तो डावा, आन तो उघडा. मला अडवायला उभ्या समोरच्या बॅकला वाटायचं, पट्टीखाली दुखणं हाय. मग तो बेटा सगळा जोर उजव्यावर काढायचा. या एका लबाडीवर मी हैदराबाद, कलकत्ता, जालंधर, गोवा, सगळीकडं फुटबॉल खेळत, गोल मारत हिंडलो. क्लब बदलले, जेवण बदललं, भाषा बदलली, पण पट्टीचं कुणाला कळलं नाय. क्लबाच्या डॉक्टरला सुद्धा नाय.

माहीत होतं ते एकट्या आशाला, माझ्या बायकोला. सीझन संपला की मी औरंगाबादला यायचो आन ती डावा गुडघा तेल लावून चोळायची. तिच्यापासून काय लपवायचं, म्हणलं.

त्या साली मला कुठला क्लब घेईना. वय झालं म्हणायचे. शेवटी केरळच्या क्लबाचा एक माणूस मला बघायला औरंगाबादच्या आमखास मैदानावर येणार, असं ठरलं. गावातल्या स्पर्धेची फायनल होती, मी इथल्याच एका टीमकडनं खेळत होतो. चांगला खेळलो तर आणखी एक साल, नायतर खेळ खलास. समोर चिकलठाण्याच्या एका कारखान्याची टीम, आन तिच्यात बॅकला आशाचा भाऊ पुंजाराम. मला बरंच वाटलं. घरचा माणूस, जरा सांभाळून खेळंल.

पहिला गोल मीच मारला. केरळवाला मान डोलवत होता, मी डोळ्यानं बघितलं. परत बॉल घेऊन वळलो तर पुंजाराम आला. पट्टीकडं त्यानं ढुंकून बघितलं नाय. सरळ उघड्या डाव्या गुडघ्यावर बूट घातला. मी मातीत पडलो, तवा कळ डोक्यात जायच्या आधी आशाचं नाव डोक्यात आलं.

पुंजाराम माझ्यावर वाकला. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं.

"दाजी, थोडंच लागंल असं मार, ताई म्हणली होती."

केरळवाला हाफटाइमलाच निघून गेला. डॉक्टर म्हणले, चालशील, पण खेळणं विसर.

प्लास्टर घालून घरी आलो, तर आशानं गादी टाकून ठेवलेली, उशा रचलेल्या. माझं डोकंच फिरलं. लई बोललो. शेजारीपाजारी दारात जमले तरी बोललो. तिनं ऐकून घेतलं, नाय म्हणली नाय. दर साली मी हे शेवटचं म्हणून बॅग भरतो, पोरगी बापाला पाहुणा समजते, हे तिनं सांगितलं. पाय महिन्याभरात बरा होईल, तवर केरळवाला दुसरा कुणी बघंल, असं तिला वाटलं होतं म्हणे.

"मग मला अडवायचं," मी म्हणलं. "भांडायचं, माहेरी जाऊन बसायचं. माझाच पाय दाखवून दिलास?"

"थांबला असतात?"

नसतो थांबलो. तिला ठाऊक होतं, मलाबी ठाऊक होतं. म्हणून काय झालं? गावोगाव इतक्या जणांनी लाथा घातल्या, एकाचाबी मला राग नाय. त्यांना कुठं माझं दुखणं माहीत होतं?

आता मी घरीच असतो. पोरीला शाळेत सोडतो, भाजी आणतो, आशाच्या हातचं जेवतो. तिला पायजे होतं तसंच झालं सगळं. कधी लंगडताना बघितलं की ती जवळ येऊन विचारते, कुठं दुखतंय.

मी म्हणतो, कुठंच नाय.