एका आज्ञेपुरता दुभाषी

भाषा हा माणसाच्या अस्तित्वाचा श्वास आहे, आणि दुभाषी हा दोन जगांना जोडणारा पूल आहे. धानोऱ्याच्या वनोपज नोंदणी केंद्राच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले होते. त्याच्याखाली, त्याच रंगात, ‘येथे थुंकू नये’ असेही होते. दोन्ही मजकूर प्रफुलचेच. पहिल्याकडे कोणी बघत नसे आणि दुसऱ्यावर सगळ्यांचा नेम असे.

प्रफुल मूळचा सिंदेवाहीचा, मराठीत एम. ए., वय चव्वेचाळीस, हुद्दा कनिष्ठ लिपिक. कोणतेही इंग्रजी टिपण मराठी केल्याशिवाय फाइलला लावायचे नाही, असे वरून एकदा पत्र आले. बाकीच्यांनी ते पत्र फाइलला लावून टाकले. प्रफुलने मनाला लावून घेतले. तेव्हापासून केंद्रातल्या पेन ड्राइव्हला ‘बोटसाठवण’ म्हणायचे ठरले आणि ती शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येऊ लागला.

त्या केंद्रात खरा दुभाषी एकच होता, चैतू. जंगलातल्या गावांतून येणाऱ्यांचे गोंडी तो साहेबांना मराठीत सांगायचा आणि साहेबांचे मराठी त्यांना गोंडीत. साहेबांच्या तोंडून निघालेल्या शिव्या वाटेतच गळून पडत, त्यामुळे केंद्राबद्दल लोकांचे मत बरे होते. नऊ वर्षे तो अकरा-अकरा महिन्यांच्या पत्रांवर काम करत होता. यंदा त्याला कायम करायचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर आला होता. त्यावर केंद्राची एक ओळ तेवढी हवी होती, की या पदाची कार्यालयास निकड आहे. ती ओळ लिहायला साहेबांनी प्रफुलला सांगितले. ‘निकड’ बरे की ‘आवश्यकता’, यावर प्रफुल तीन आठवडे विचार करून राह्यला होता.

“प्रफुलभाऊ, कोणताबी लिवा ना,” चैतू एकदा म्हणाला. “दोन्हीचं गोंडीत एकच होते.”

प्रफुलला ते आवडले नाही.

डिसेंबरात केंद्रात ओळखयंत्र आले. माणसाने काचेवर अंगठा ठेवायचा, यंत्राने तो ओळखायचा, आणि खालच्या फटीतून ओळखपत्र बाहेर यायचे. यंदा मोहफुलांच्या हंगामापासून पुढे ज्याच्याकडे ओळखपत्र त्याचाच माल केंद्र घेणार, असे फर्मान होते. यंत्राने मात्र आल्या दिवसापासून कोणालाही ओळखले नाही. साहेबांनी स्वतःचा अंगठा ठेवला, तर त्यांनाही नाही ओळखले. त्या दिवशी केंद्रात सगळ्यांचा मूड चांगला होता.

कंपनीने हे काम दिव्यानीकडे दिले. ती मूळची सावलीची, आता नागपुरात बसून तालुक्या-तालुक्यांतल्या यंत्रांची पोटे तपासायची. त्यासाठी तिच्याकडे डीबगर नावाचे हत्यार होते. चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवायचे, तुझ्या खिशात काय आहे ते दाखव म्हणायचे, आणि पुन्हा एक पाऊल चालू द्यायचे, असे ते काम. तिने फोनवर आज्ञा सांगायची, प्रफुलने ती धानोऱ्यात टाइप करायची आणि पडद्यावर जे उमटेल ते जसेच्या तसे वाचून दाखवायचे, असे ठरले.

“काय आलं, भाऊ?” तिने विचारले.

“चालू संदर्भात सदर चिन्ह आढळून येत नाही,” प्रफुल म्हणाला.

तिने त्याला ते पुन्हा वाचायला लावले.

“असंच लिहून आहे का तिथी?”

“इंग्रजीत आहे. मी मराठी करून सांगून राह्यलो.”

हे चार दिवस चालले. तिने काच पुसता का म्हणून विचारले, प्रफुलने रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो म्हणून सांगितले, आणि ते खरेही होते. पाचव्या दिवशी दिव्यानीने हात टेकले आणि इंग्रजीत एक पानभर अहवाल पाठवला. त्यातली गोष्ट सोपी होती. डीबगरला दिलेली आज्ञा समजून घेऊन तिचे उत्तर देणारा जो भाग असतो, त्याला इंटरप्रिटर म्हणतात. एक इंटरप्रिटर माणसांसाठी असतो. तो माणसाला वाचता येईल असे उत्तर देतो. दुसरा यंत्रांसाठी असतो, त्याचे उत्तर थेट दुसऱ्या यंत्राला कळते. धानोऱ्यात पहिला चालू आहे, तो बंद करून दुसरा लावा, म्हणजे नागपूरचे यंत्र धानोऱ्याच्या यंत्राशी आपले आपण बोलेल आणि मधला माणूस लागणार नाही. मधला माणूस म्हणजे प्रफुल. पण तसे लिहिण्याइतकी ती असभ्य नव्हती.

प्रफुलने कोश उघडला. इंटरप्रिटर म्हणजे दुभाषी. त्याला फार बरे वाटले. यंत्राच्या अहवालात इतका सुंदर शब्द निघेल असे त्याला वाटले नव्हते. दुपारभर दार लावून त्याने अनुवाद केला, आणि तो असा उतरला:

‘सद्यःस्थितीत कार्यरत असलेला दुभाषी हा माणसांशी बोलणारा आहे. त्याच्या बोलण्याचा यंत्रास उपयोग नाही. तरी त्यास पूर्णतः बंद करून त्याचे जागी यंत्राशी बोलणारा दुभाषी नेमावा. नवीन दुभाष्याचे बोलणे माणसांस समजणार नाही, व तशी अपेक्षाही नाही. काम चालू असताना दुभाषी बदलता येत नाही, सबब आधी काम थांबवावे. अगदीच निकड भासल्यास एका आज्ञेपुरते जुन्या दुभाष्याकडून काम करवून घेता येईल; आज्ञा संपताच तो आपोआप बाजूस होईल.’

‘निकड’ शब्द बरा, हे त्याला इथे पटले.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. यंत्राच्या कंपनीला केंद्रातल्या माणसांची इतकी बारीक माहिती असेल असे त्यांना वाटले नव्हते. नागपूरचे लोक हुशार, असे ते म्हणाले, आणि नवा दुभाषी कधी रुजू होतो ते विचारले. प्रफुलने नागपूरहून यायचा असेल म्हणून सांगितले. साहेबांनी मग चैतूचा प्रस्ताव पुढे ओढला. कोऱ्या ओळीच्या जागी ‘तांत्रिक अहवालानुसार या पदाची आवश्यकता उरलेली नाही’ असे लिहून खाली सही केली.

प्रफुलच्या डोक्यात तेव्हा काही हलले का? हलले, पण अहवाल कंपनीचा होता आणि सही साहेबांची. त्याचा फक्त अनुवाद होता. तोही चांगला.

चैतूला कार्यमुक्तीचा आदेश, त्यातल्या ‘एका आज्ञेपुरते’सकट, प्रफुलनेच वाचून दाखवला. चैतूने तो नीट ऐकला आणि विचारले.

“मी यंत्रासंग बोलत नाई, हे खरं हाये. पण यंत्राले गोंडी पाहिजे असं तरी कोन म्हनलं?”

“तांत्रिक बाब आहे,” प्रफुल म्हणाला.

“बरं. मंग एका आज्ञेपुरता म्हंजे काय?”

ते साहेबांनी शब्दशः घेतले होते. चैतूने फाटकाबाहेर पळसाखाली थांबायचे. आत कोणाचे फारच अडले तर शिपाई हाक मारील. चैतूने यायचे, साहेबांचे एक वाक्य गोंडीत सांगायचे आणि बाहेर जायचे. अहवालात एका आज्ञेपुरते म्हटले होते, उत्तरापुरते म्हटले नव्हते. त्यामुळे समोरचा माणूस बोलायला तोंड उघडी, तेव्हा चैतू फाटकाकडे चालू लागलेला असे. पहिल्याच दिवशी तो उत्तर ऐकायला थांबला, तर साहेबांनी त्याला अहवालातली ओळ वाचून दाखवली. तिथे ‘आपोआप’ असे होते. आपोआप गेला नाही म्हणून त्याला तोंडी समज मिळाली.

आठवड्याने दिव्यानीचा फोन आला.

“भाऊ, इंटरप्रिटर बदलला का?”

“जुना बंद केला,” प्रफुल म्हणाला. “रीतसर. सहीशिक्क्यानिशी.”

“सहीशिक्का?” ती हसली. “काही तक्रार तर नाई ना करत?”

“नाही. गरीब आहे. फाटकाबाहेर बसतो.”

“कोण बसते फाटकाबाहेर?”

तिने मग समजावून सांगितले, सावलीच्या बोलीत, एकेक शब्द सुटा करून. ती एक ओळ होती, भाऊ. डीबगर सुरू करताना टाइप करायची एक ओळ. त्यात माणूस कुठीच नव्हता. तुम्ही माणूस काढला काऊन?

प्रफुलने फोन ठेवला, खुर्चीत बसला आणि परिस्थितीचा विचार केला. शुद्धिपत्र काढता आले असते. ‘दुभाषी’ऐवजी ‘इंटरप्रिटर’ असे वाचावे. एवढ्याने चैतू आत आला असता, प्रस्तावावरची ओळ पुन्हा लिहिता आली असती. कागद अजून जिल्ह्याला गेला नव्हता, आवकजावकच्या टेबलावरच पडून होता. पण शुद्धिपत्र म्हणजे अनुवाद चुकला हे लिहून देणे. आणि राजभाषेच्या उत्कृष्ट वापरासाठी जिल्ह्याचे जे प्रशस्तिपत्र असते, त्यासाठी साहेबांनी नेमका तोच अनुवाद पाठवला होता. शिवाय ‘इंटरप्रिटर’ असे वाचावे, म्हणजे मराठी काढून इंग्रजी घालावे, हे त्याच्या हातून कसे व्हावे? त्याने कोश पुन्हा उघडून पाहिला. कोशात दुभाषीच होते. कोश चुकीचा नव्हता, म्हणजे तोही चुकीचा नव्हता.

संध्याकाळी त्याने चैतूचा कागद स्वतःच्या हाताने जिल्ह्याच्या टपालात घातला.

बुधरी आली ती फेब्रुवारीत. बावीस किलोमीटर चालून आणि जीपने मिळून. ओळखपत्रासाठी तिची ही चौथी खेप, कारण मोह पडायला दिवस थोडे उरले होते. तिने काचेवर अंगठा ठेवला. यंत्राने ओळखले नाही. तिने अंगठा लुगड्याला पुसून पुन्हा ठेवला. नाही. साहेबांनी चैतूला हाक मारवली. चैतू आला, साहेबांचे वाक्य गोंडीत सांगितले, की यंत्र तुला ओळखत नाही, पुढच्या महिन्यात ये, आणि आपोआप बाहेर गेला.

बुधरी मात्र गेली नाही. ती यंत्राकडे वाकली, काचेच्या कोपऱ्यावर नख घासले आणि प्रफुलकडे बघून काहीतरी सांगू लागली. सावकाश, लहान पोराला सांगतात तसे. प्रफुलला एक शब्द कळला नाही. यंत्राला नख लावू नकोस, असे तो मराठीत ओरडला. तेही तिला कळले नाही, पण आवाज कळला. तिने हात मागे घेतला आणि बाहेर गेली. खिडकीतून प्रफुलला दिसले, की ती पळसाखाली चैतूला तेच हातवारे करून सांगते आहे. चैतू उठला आणि दारापर्यंत आला.

“भाऊ, ते बुधरीबाई काय म्हनते—”

“तुला बोलावलं का?”

“नाई. पन थे म्हनते—”

“चैतू,” प्रफुल म्हणाला, “आज्ञा संपली.”

फाटकाबाहेर जाण्याआधी नऊ वर्षांत चैतूने कोणाचे बोलणे मध्येच सोडले नव्हते. आता तो वळला, आणि त्या दिवसानंतर पळसाखालीही आला नाही. बुधरी पुढच्या महिन्यात आली नाही, एप्रिलात आली, वाळलेल्या मोहाची टोपली घेऊन. केंद्राने ओळखपत्राशिवाय टोपली घेतली नाही. हे तिला कोणत्या भाषेत सांगितले गेले, याची नोंद नाही.

जिल्ह्याचा निरोप मे महिन्यात आला. चैतूचा प्रस्ताव नामंजूर, दुभाषी हे पदच रद्द. त्याच टपालात प्रफुलचे प्रशस्तिपत्र होते. समारंभ गडचिरोलीला झाला. प्रफुलने भाषणात भाषा हा माणसाच्या अस्तित्वाचा श्वास असल्याचे सांगितले आणि टाळ्या पडल्या.

यंत्र काही चालले नाही. यंत्राशी बोलणारा इंटरप्रिटर दिव्यानीने स्वतः येऊन एका ओळीत लावून दिला, नागपूरचे यंत्र धानोऱ्याच्या यंत्राशी तीन आठवडे बोलले, आणि प्रोग्रॅममध्ये काही दोष नसल्याचे दोघांचे एकमत झाले. ती आली त्या दिवशी यंत्रावर प्रफुलने धुळीसाठी शिवून घेतलेली खोळ होती, आणि तिने नुसती तार जोडून काम केले. जुलैत यंत्र निर्लेखित करायचे, म्हणजे मोडीत काढायचे, ठरले. निर्लेखनाच्या नमुन्यात यंत्राचे वर्णन आणि त्यावरचा सगळा मजकूर मराठीत लिहायचा असतो. म्हणून प्रफुल भांडारात गेला, खोळ काढली, चष्मा लावला आणि जवळ वाकून वाचू लागला.

अनुक्रमांक मागे होता. निर्मितीचे वर्ष खाली होते. अंगठ्याच्या काचेच्या कोपऱ्यात, जिथे नखाचा एक ओरखडा होता, तिथे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. प्रफुलने ती दोनदा वाचली आणि सवयीने नमुन्यात तिचा अनुवाद केला.

‘वापरण्यापूर्वी काचेवरील प्लास्टिकची पन्नी काढावी.’

अनुवाद बिनचूक होता.