पाव फेरा

टवका उडाला की माझा नवरा आधी माझ्याकडे बघतो. लाकडाकडे नाही, पटाशीकडे नाही, स्वतःच्या हाताकडे तर अजिबात नाही. माझ्याकडे. एकतीस वर्षं हेच चाललंय.

"गोंद लावला होतास, की नुसता दाखवला होतास त्याला?"

गुरुवारीही हेच म्हणाला. उत्तर द्यायचासुद्धा कंटाळा येतो एका वयानंतर.

आम्ही लाकडी पेन करतो. बोटाएवढ्या चौकोनी तुकड्याला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी गोंदाने चिकटवायची, मग तो तुकडा एका बारीक लोखंडी दांडीत ओवायचा आणि टोकाला नट आवळून लेथवर चढवायचा. मशीन त्याला गरगर फिरवतं आणि कातारी पटाशी टेकवून त्याला गोल करतो. भोक, नळी, गोंद आणि शेवटचा पॉलिशपेपर माझा. मधलं कातणं त्याचं. त्या मधल्यालाच काम म्हणतात. बाकीचं म्हणजे बायकोची मदत. गल्लीत त्याला मास्तर म्हणतात आणि मला मास्तरांच्या घरच्या.

कातत कातत शेवटी नळीवर पोस्टकार्डाच्या जाडीचं लाकूड उरतं. तेव्हा जरा काही बिनसलं की टवका उडतो, आतलं पितळ उघडं पडतं आणि पेन संपतं. गेले दोन महिने आमची ही गत होती. टवका नाही उडाला तर लाटा. पटाशी टेकली की थडथडायची, कुणी दारावर नखं वाजवत बसलंय असा आवाज यायचा, आणि मशीन थांबवून बघावं तर लाकडाच्या अंगभर बारीक सुरकुत्या. फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांना पडतात तशा.

कारण सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याचा उजवा हात थरथरतो. त्याने कप उचलला की बशी वाजते. डॉक्टरांनी कागदावर गोळी लिहिली आणि मान न उचलता म्हणाले, वय आहे, हळूहळू वाढेल. एवढं सांगायला आम्ही तीन तास बाकावर बसलो होतो.

गुरुवारी धाकटे दीर आले. त्यांचं गाड्यांचं गॅरेज आहे. माणूस वाईट नाही, फक्त दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू कुठे ठेवायच्या हे त्यांना आपल्याआधी कळतं.

"दादा, पुरे आता," ते म्हणाले. "मशीन घेणारा माणूस बघून ठेवलाय मी. चांगला आहे, नीट वापरेल. नाहीतर एक दिवस पटाशी उलटून तोंडावर येईल तुझ्या."

"तुझ्याकडची गाडी बिघडून परत आली की तू गॅरेज विकतोस का?"

"माझ्याकडच्या गाड्या परत येत नाहीत."

"नाहीच येणार. दुसऱ्याकडे जातात त्या."

दीर हसले. मीही हसले. नवरा हसला नाही. त्याने जमिनीवरचा टवका उचलला, दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाला, "रविवारी आण त्याला. तीन तुकडे तयार आहेत. त्याच्यासमोर कातून दाखवतो. तिन्हींतलं एक जरी स्वच्छ निघालं तर मशीन इथेच राहील. नाही निघालं तर टेम्पो दाराशी उभाच असू दे."

"शब्द?"

"शब्द."

"वहिनी, तुम्ही साक्षीदार."

साक्षीदार! एकतीस वर्षं भुसा मी गिळला आणि खटल्यात मी साक्षीदार. तुला काय हवंय, असं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला ते मशीन जायला हवं होतं. मागच्या खोलीत घरातली एकुलती एक चांगली खिडकी आहे आणि तिच्यासमोर ते धूड उभं आहे. भुसा माझ्या केसांत असतो, उशीच्या शिवणीत असतो, दुधावरच्या सायीत असतो. सकाळी उठले की मी आधी खोकते, मग डोळे उघडते. मशीन गेलं तर तिथे खुर्ची ठेवायची आणि काही न करता बसायचं, एवढंच माझं स्वप्न. याहून मोठं स्वप्न बघायला ताकद लागते.

म्हणजे मी नुसतं गप्प बसायचं होतं. पण त्या गोंदाच्या बोलण्याने डोकं फिरलं. हात तुझा थरथरतो आणि गोंद माझा वाईट? दुपारी तो आडवा झाल्यावर मी फुकट गेलेल्या पेनांचा डबा काढला आणि एकेक नळी चिमट्यात धरून लाकूड सोलून काढलं. चौदा नळ्या. चौदाही नळ्यांवर गोंद या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे नखाएवढी जागा कोरडी नाही. माझं काम चोख होतं. त्या चौदा नळ्या मी ओळीने मांडल्या, त्याच्या तोंडावर फेकायच्या म्हणून.

मग एक टरफल हातात राहिलं आणि अंगठा थबकला. लाकूड एका बाजूला जाड होतं आणि समोरच्या बाजूला पातळ. दुसरं बघितलं. तेही तसंच. चौदाही तशीच. टवका उडाला होता तो दर वेळी पातळ बाजूचा.

आता हे मला कळतं, कारण पॉलिशपेपर मी मारते. थरथरत्या हाताने कातलं तर खड्डे पडतील, चरे पडतील, पण लाकूड एकाच अंगाने पातळ होणार नाही. फिरणारी वस्तू सगळ्या बाजूंनी पटाशीसमोर येते, हात कसाही असो. एकाच अंगाने पातळ होतं ते दांडी वाकडी असली की. मी दांडी काढली, आरशावर ठेवली आणि बोटाने ढकलली. सरळ गेली. कुठे उसळली नाही. दांडी शहाण्यासारखी सरळ.

मग मशीनकडे बघितलं आणि तिथे पाना दिसला.

हा पाना दोन महिन्यांपूर्वी दिरांच्या गॅरेजमधून आला. त्याआधी आमच्याकडे पाना नव्हताच. लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याने मला शिकवलं होतं, नट दोन बोटांनी लावायचा, पाना ट्रकच्या चाकाला. पण हात थरथरायला लागला आणि त्याला सगळं सैल वाटायला लागलं. पटाशी थडथडली की तो नट आवळायचा. आणखी थडथडली की आणखी आवळायचा. बारीक दांडी ती, दोन्हीकडून दाबली की मधे वाकणारच. सोडली की परत सरळ. धार तर त्याने इतकी लावली होती की पटाशी दोन बोटं आखूड झाली. हाताला भिऊन तो सगळ्या जगाला धार लावत आणि आवळत सुटला होता, आणि दोष माझ्या गोंदाला.

मी पाना जागेवर ठेवला, चौदा नळ्या डब्यात भरल्या आणि गप्प बसले. शुक्रवारी गप्प बसले. शनिवारी खिडकीची काच पुसली आणि गप्प बसले. लाज वाटली का? नाही वाटली. थकलेल्या माणसाला लाज परवडत नाही.

रविवारी अकराला टेम्पो आला. घेणारा माणूस सडपातळ, बूट चकचकीत, वागायला गोड. आल्या आल्या त्याने दाराची रुंदी टेपने मोजली. मास्तरांकडे एकदाही बघितलं नाही, मशीनच्या अंगावरून मात्र हात फिरवला. दीर दाराला टेकून उभे राहिले.

पहिला तुकडा. नवऱ्याने पाना घेतला आणि दात आवळून नट आवळला. मशीन सुरू झालं, थडथड सुरू झाली, पाच मिनिटांत टवका उडून दिरांच्या बुटापाशी पडला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. गोंदाचं काही बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

दुसरा तुकडा. त्याने आणखी आवळला. टवका नाही उडाला, पण लाटा अशा की आंधळ्यालाही मोजता येतील. घेणारा माणूस फार सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागला. मी काल पुसलेल्या काचेतून.

"दादा," दीर हळू म्हणाले, "राहू दे तिसरा."

"तोंड धुऊन येतो," नवरा म्हणाला.

जाता जाता त्याने तिसरा तुकडा चढवला आणि नट आवळला. दोन्ही हातांनी. मग उजवा हात डाव्या काखेत दाबून, थंडी वाजत असल्यासारखा, तो मोरीकडे गेला. पाठमोरा तो मला त्याच्या वडिलांसारखा दिसला. नळ सुटला. दीर आणि तो माणूस टेम्पोत मशीन कसं चढवायचं ते बघायला बाहेर गेले.

खोलीत मी, मशीन आणि पाना.

लोक म्हणतील माया उफाळून आली. माया कसली? राग आला. मशीन जायचं तर खऱ्या कारणाने जाऊ दे. हात गेला म्हणून जाऊ दे, मला नको झालं म्हणून जाऊ दे. एका नटापायी हा माणूस उरलेलं आयुष्य आपला हात काखेत लपवून काढणार आणि मी खिडकीत बसून ते रोज बघणार? तसली खुर्ची मला टोचली असती.

मी पाना लावला आणि नट सैल केला. पाव फेरा. मग दोन बोटांनी पुरता सोडून, पुन्हा दोन बोटांनीच लावला, जसा त्याने शिकवला होता तसा. पाना गोंदाच्या डब्यामागे टाकला.

तो आला. ते दोघे आले. मशीन सुरू झालं. पटाशी टेकली, आणि नखं वाजली नाहीत. एक लांब, सुळकन आवाज. लाकडाची बारीक सळसळती फीत निघाली आणि त्याच्या मनगटावर पडत राहिली. मनगट थरथरत होतं, मला दिसत होतं. पटाशी लोखंडी टेकूवर घट्ट बसली होती, तिला त्याची पर्वा नव्हती. कडा त्याने आधी हलक्या हाताने उतरवल्या, मग मधे आला. मशीन थांबलं. लाकूड गुळगुळीत होतं, पॉलिशपेपरची गरज नावालाच.

घेणाऱ्या माणसाने पहिल्यांदा मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं.

"दादा, मानलं," दीर म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला हात हलवून जायला सांगितलं.

सगळे गेल्यावर नवरा पेन उजेडात फिरवत राहिला. "बघितलंस? हात आला परत. गोळी लागू पडली."

मी गप्प बसू शकले असते. तो सुखाने जेवला असता. आणि सोमवारी पाना शोधून पुन्हा आवळला असता.

"हात नाही आला," मी म्हटलं. "नट सैल केला मी."

त्याने पेन खाली ठेवलं. मी चौदा नळ्यांचा डबा आणला, टरफलं त्याच्या तळहातावर ठेवली, त्याचा अंगठा धरून जाड बाजूवरून पातळ बाजूवर नेला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याने आपणहून नेला.

"कधी कळलं तुला?"

"गुरुवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

"तीन दिवस गप्प बसलीस?"

"मला खिडकी हवी होती."

त्याने खिडकीकडे बघितलं. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्याच्यातही तेवढं उरलं नसावं.

"किती सैल केलास?" त्याने विचारलं.

कामातलं काही मला विचारायची त्याची ही पहिली वेळ.

"पाव फेरा. मग दोन बोटांनी."

"दोन बोटांनी," तो म्हणाला. मग उजवा हात माझ्यापुढे धरला. थरथरत होता. "आणि हा?"

"हा आहे तसाच आहे. वाढेल. चालेल तोवर चालेल."

त्याने मान हलवली. पाना कुठे आहे ते विचारलं नाही. उठला, मशीनचं एक टोक धरलं आणि म्हणाला, "तू ते टोक धर. हातभर सरकलं तरी तुझी खुर्ची बसेल."

ते मशीन दोन म्हाताऱ्यांना सरकतंय होय? चार बोटं हललं. खुर्ची मावली नाही. मी स्टूल ठेवलं, त्यावर बसले आणि उद्याच्या नळ्या घासायला घेतल्या. घासल्याशिवाय त्यांना गोंद धरत नाही.