बिनवासाची प्रयोगशाळा

घराला रंग लागत होता, म्हणून तिने बाबांना सोबत प्रयोगशाळेत आणलं. बाबांचा सगळा जन्म औषधांच्या कारखान्यात गेलेला. आई गेल्यापासून मात्र त्यांनी बोलणंच टाकलं होतं. विचारलं तर हो किंवा नाही, तेही उपकार केल्यासारखं.

ते खिडकीजवळच्या खुर्चीत टेकले. दुपारचं ऊन काचेच्या भांड्यांतून झिरपून भिंतीवर तरंगत होतं. चंबूत तिची काळी भुकटी गरगर फिरत होती. चुंबकाला चिकटणारे लोहाचे सूक्ष्म कण, आणि त्यांच्यावर पॅलेडियम धातूचे त्याहून बारीक ठिपके. औषधाच्या रेणूचे दोन तुकडे ही भुकटी जोडून द्यायची आणि स्वतः शाबूत राहायची. तीच चिमूटभर भुकटी तिने इतक्यांदा वापरली होती, की आता ती दमली असेल अशी तिला धास्ती होती.

बाबांनी हवा हुंगली. "अगं, इथे वास कसा नाही?"

ती दचकलीच. कितीतरी दिवसांनी पुरतं वाक्य!

"आम्ही हे पाण्यातच करतो, बाबा. वासाचं सॉल्व्हंट जवळजवळ नाहीच."

"तुझी आई मला दारातच कपडे बदलायला लावायची. म्हणायची, नवरा आलाय की कारखाना?" बाबा स्वतःशीच हसले.

तिने ढवळणं थांबवलं, तसे ते ताडकन उठले. "गाळताना भुकटी ओली ठेव हं! कोरडी पडली की पेट घेते. एकदा माझ्या भुवया गेल्या होत्या."

"गाळायचंच नाहीये. हा चष्मा लावा आणि हे धरा."

तिने त्यांच्या हातात चुंबक दिला. त्यांनी तो चंबूच्या काचेला लावला. सगळा काळोख हळूहळू त्यांच्या बोटांकडे सरकत आला, आणि उरलेलं पाणी आरपार नितळ झालं. बाबा चंबूवर वाकून बघत राहिले.

तिने पाणी ओतून घेतलं, तुकडे जुळलेत का ते तपासलं.

"जरा सुस्तावलीय भुकटी, पण काम चोख केलंय."

"माझ्यापेक्षा बरी," बाबा म्हणाले. "मी नुसताच सुस्तावलोय."

"मग पुढची फेरी तुम्हीच लावा."

बाबांनी बाह्या सरसावल्या. तिने एप्रन पुढे केला. तो त्यांनी उलटसुलट बटणं लावून चढवला आणि चंबूत ताजं पाणी आणि नवे तुकडे घातले. भुकटी पुन्हा फिरू लागली. ऊन कलेपर्यंत ते तिला आईच्या गोष्टी सांगत होते. त्यांतल्या कितीतरी तिने कधी ऐकल्याच नव्हत्या.