खिंडीतली काठी

मित्रांनो, मी काठी आहे. जुनी, निलगिरीची, मुठीशी झिजलेली. युगांडा आणि रवांडा या दोन शेजारी देशांच्या सीमेवर विझलेले ज्वालामुखी उभे आहेत. त्यांच्या पायथ्याशी, युगांडाच्या बाजूला असलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकात माझा मुक्काम असतो. गोरिला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या हातात मला सकाळी देतात आणि दुपारी परत घेतात. चौदा वर्षे हेच चालले आहे.

माझी मूठ गोरिलाच्या डोक्यासारखी कोरलेली आहे. निदान कोरणाऱ्याचा तसा समज होता. त्या बिचाऱ्याने गोरिला कधी पाहिलाच नव्हता. "नाक कुणाचं काढलंस रे?" असे कुणी विचारले की तो म्हणायचा, "सासऱ्याचं. त्याहून रागीट प्राणी मला माहीत नाही."

खोटे कशाला सांगू, गोरिला मीही पाहिला नव्हता. पूर्वी शिकारी भाले घेऊन यायचे. गोरिला ते विसरलेले नाहीत, हातातली काठी त्यांना भालाच वाटते. म्हणून कळप जवळ आला की काठ्या आणि पिशव्या हमालांपाशी ठेवायच्या आणि पाहुण्यांनी रिकाम्या हातांनी पुढे जायचे, असा नियम आहे. वाट मी तुडवायची आणि दर्शन दुसऱ्यांनी घ्यायचे! मला याचे फार वाईट वाटायचे. आता वाटत नाही. का, ते सांगते.

त्या वेळी तोंडाला मास्क बांधायची सक्ती नव्हती. आमचा कळप सीमेपलीकडे रवांडात गेला होता. गोरिलांना पासपोर्ट लागत नाही, पण आमच्या पाहुण्यांना पलीकडे जाता येत नाही. फार दूरच्या देशातून आलेले एक म्हातारे मास्तर दोन दिवस फाटकात वाट बघत बसले होते. जन्मभर त्यांनी वर्गात गोरिलाचे चित्र दाखवले होते, खरा आता बघणार होते. तिसऱ्या सकाळी निरोप आला की कळप खिंड ओलांडून परत आला आहे. आणि नेमका त्याच सकाळी मास्तरांना खोकला झाला.

निघताना वाटाड्या सेरुगेंडोने नेहमीप्रमाणे विचारले, "कुणाला सर्दी, ताप, खोकला? आत्ताच सांगा. आपली साधी सर्दी त्यांच्या पिल्लाचा जीव घेते." सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. मास्तरांनीही हलवली.

मी मास्तरांच्या वाट्याला आले. चढावर ते पुन्हा पुन्हा तळहातात खोकायचे आणि तोच ओला हात माझ्या मुठीवर ठेवायचे. त्यांची पिशवी घेऊन मुकांकुसी मागून चालत होती. ती आमच्याकडची सर्वांत जुनी हमाल, सगळ्यांची मावशी. मास्तरांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवले आणि डोळ्यांनी विनवले. मुकांकुसीने मान खाली घातली. पाहुण्याची लाज चव्हाट्यावर मांडायची नाही, हे तिच्या लोकांत लहानपणापासून शिकवतात. "दोन दिवस बसलाय बिचारा," ती स्वतःशीच पुटपुटली. "लांबून बघेल नि येईल." मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण काठीला वाचा कुठली?

खिंडीखाली आम्हा काठ्यांचा ढीग रचून मुकांकुसी शेजारी बसली. मी सगळ्यांत वर होते. पाहुणे तीसेक पावले पुढे गेले असतील, तोच बांबू मोडल्याचा आवाज आमच्या बाजूने आला. कळप वळून आमच्याकडेच येत होता.

"बसा सगळे!" सेरुगेंडो दबक्या आवाजात म्हणाला. "मावशी, हलू नकोस!"

झुडपातून एक पिल्लू बाहेर आले. केस पिंजारलेले, पोट गोल. त्याचे नाक माझ्या नाकासारखे मुळीच नव्हते. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर उभे होते, आणि माझ्या मुठीवर मास्तरांचा खोकला अजून ओला होता. पिल्लाने माझ्याकडे टक लावून पाहिले आणि हात पुढे केला.

मुकांकुसी मला उचलू शकत नव्हती. उचलले असते तर पिल्लाच्या आईला भालाच दिसला असता. मग ती सरळ माझ्यावर पालथी पडली. पिल्लाची आई भुंकल्यासारखी ओरडत धावून आली आणि तिने जमिनीवर धाडकन हात आपटले. मुकांकुसीचे काळीज माझ्या अंगावर धडधडत होते. कितीतरी वेळाने पाला चावल्याचा आवाज आला. मग तोही दूर गेला.

सेरुगेंडो धावत आला. "मावशी, वेड लागलंय का तुला? एका काठीसाठी जीव देत होतीस?"

"काठीसाठी नाही रे. मास्तर खोकत होते, हात तिच्यावर होता. वाटभर ऐकलं मी, आणि तोंड उघडलं नाही."

मास्तरांना भाषा कळली नसावी, पण सगळे कळले. ते काठी न घेताच डोंगर उतरू लागले.

संध्याकाळी कळप पुन्हा रवांडात गेला. मुकांकुसीने मला तीनदा राखेने घासले, उकळते पाणी ओतले आणि दुसऱ्या दिवशी माझाच आधार घेऊन ती सेरुगेंडोबरोबर खिंडीत गेली. पलीकडचा वाटाड्या गासिंबा हा सेरुगेंडोचा मावसभाऊ.

"काय दादा," तो लांबूनच म्हणाला, "तुमच्या कळपाला आमच्या बांबूची चटक लागली वाटतं!"

सेरुगेंडो हसला नाही. आपल्या पाहुण्याची लाज शेजारच्या देशाला सांगणे सोपे नव्हते, तरी त्याने सगळे सांगितले.

"पिल्लू किती जवळ होतं?" गासिंबाने विचारले.

"हातभर."

"गोरिलांच्या डॉक्टरीणबाईंना मी सांगतो. तुम्ही रोज या."

आम्ही रोज गेलो. सहाव्या दिवशी गासिंबा म्हणाला, "दोनदा शिंकलं." त्या दिवशी मुकांकुसीच्या फडक्यातले उकडलेले बटाटे तसेच घरी परत गेले. नवव्या दिवशी धुके होते, कळप दिसलाच नाही. त्या पंधरवड्यात ती वाळत चालली आणि मीही राखेच्या वासात झुरत राहिले.

पंधराव्या दिवशी गासिंबा पलीकडून ओरडतच आला. "मावशी! तुझं कार्टं झाडावरून माझ्या टोपीवर मुतलं! चांगलं ठणठणीत आहे!"

मुकांकुसी आधी रडली, मग हसली, मग फडके सोडून गासिंबालाही बटाटा दिला.

आता सकाळी काठ्या तीच वाटते. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या तोंडाकडे बघून विचारते, "खोकला आहे?" खोटे बोलणारा तिच्यासमोर टिकत नाही. एक बाई परवा रडत मागे राहिल्या, तेव्हा मुकांकुसीने त्यांना आपल्या चुलीपाशी नेऊन गरम पेज पाजली.

मित्रांनो, कधी आमच्या डोंगरात आलात आणि घसा खवखवत असला, तर खालीच थांबा. मला ठाऊक आहे, वाईट वाटेल. मी चौदा वर्षे चालले आणि गोरिला एकदाच पाहिला. तो समोर होता तेवढा वेळ मी एकच मागत होते, बाळा, मला हात लावू नकोस.